आयजीई, उषाजी आणि दाण्याचं कूट

३ मे

आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. विषय मयुराची अ‍ॅलर्जी, आणि फक्त अ‍ॅलर्जी. विहीणबाईंबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. मन स्वच्छ राहतं.

आज मयुराला सहा वर्षं पूर्ण झाली. वाढदिवस विहीणबाईंकडे, म्हणजे उषाजींकडे, झाशीच्या इलाइट चौराह्याच्या मागे, लिफ्ट असलेल्या इमारतीत. केक घरी केलेला. नातीने पहिला घास नानीला भरवला, दुसरा नानाजींना, मग आईला, मग बाबाला. माझ्यापाशी आली तोवर बोटांना नुसतं क्रीम उरलं होतं. तेच चाटलं. गोड जास्त होतं.

मग उषाजी पाहुण्यांना समजावत बसल्या: देखिए, बच्ची के शरीर में एंटीबॉडी बनती हैं, वो मूंगफली को दुश्मन समझ लेती हैं. सगळ्यांनी माना हलवल्या. एकीने विचारलं, एंटीबॉडी होती क्या है? उषाजी म्हणाल्या, वही, शरीर की. आणि समोसे आणायला आत गेल्या.

मला हसता आलं नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं. पण दहावीनंतर माझी शाळा सुटली तरी वाचन सुटलेलं नाही. हे लायब्ररीतून आणायचे त्यातलं एकही पुस्तक मी न वाचता परत जाऊ दिलं नाही. उषाजी बँकेत होत्या. बँकेत पासबुक वाचतात.

निश्चय: जून संपायच्या आत अँटिबॉडी पूर्ण समजून घ्यायच्या. कारण जुलैपासून सूनबाई, देविका, नोकरीला लागणार. शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत मयुरा आजीकडे राहणार की नानीकडे, हे ठरायचंय. सलीलला विचारलं. म्हणाला, आई, बघू. सलील ‘बघू’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात होकार असतो. त्याच्या वडिलांचंही तसंच होतं.

४ मे, रविवार

मयुरा आली. बडा बाजारातल्या आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून सलील तिला खांद्यावर बसवून आणतो. सोबत तिचा डबा, तिचा चमचा, तिची बाटली आणि टेबलावर पसरायला प्लास्टिकचा कपडा. माझी नात माझ्या घरी धर्मशाळेत उतरल्यासारखी येते. नानीकडे ती फ्रिज स्वतः उघडते.

हे सगळं गेल्या श्रावणातल्या त्या काकडीमुळे. खमंग काकडी केली होती. वाढताना उषाजींनी विचारलं, समधनजी, इसमें मूंगफली तो नहीं है? कारण त्याआधी थंडीत गूळ-दाण्याची गजक खाऊन मयुराचे ओठ खाजले होते. मी म्हटलं, बिलकुल नहीं. आणि नव्हतीच. मूंगफली म्हणजे थंडीत ठेल्यावर मिळते ती, सोलून खायची. काकडीत होतं कूट. कूट कुणी मोजतं का? भाजीत मीठ आहे का, असं कुणी विचारतं का?

मयुराचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, छाती घरघरायला लागली. तिला उचलून दवाखान्यात पळवलं. तो चेहरा मी विसरलेले नाही.

माझं मत आजही तेच: काकडी कडू होती.

७ मे

बाजारातून बारावीचं जुनं जीवशास्त्र आणलं. हिंदीत आहे. बाकीचं फोनवर शोधते.

अँटिबॉडी हे एक प्रोटीन. आकार इंग्रजी वायसारखा, दोन्ही हात वर केलेल्या माणसासारखा. बी नावाच्या पेशींपासून त्या तयार होतात. प्रत्येकीचे हात एकाच शत्रूच्या मापाचे. जंतू आला की धरायचा. चांगलं काम आहे.

त्यांच्या पाच जाती. त्यातली एक आयजीई. रक्तात तिचं प्रमाण सगळ्यात कमी, तमाशा सगळ्यात मोठा. मूळचं काम पोटातल्या जंतांशी लढायचं. आता घरोघर जंत राहिले नाहीत, म्हणून ती रिकामी बसून दाण्यांशी भांडते, असं काही तज्ज्ञ मानतात. वाचताना कुणाची तरी आठवण येत होती. कुणाची ते कळेना.

८ मे

कळलं. उषाजींची. निवृत्त झाल्यापासून अशाच आहेत.

१२ मे

दाण्यातल्या प्रोटीनांना नावं आहेत: आरा एच वन, आरा एच टू, आरा एच थ्री. आरा बिहारमध्ये आहे, ह्यांची एकदा तिथे ड्युटी होती. पण पुस्तक म्हणतं, हे नाव दाण्याच्या लॅटिन नावावरून पडलंय. असेल.

महत्त्वाची गोष्ट ही की पहिल्या भेटीत काहीच होत नाही. शरीर फक्त चेहरा लक्षात ठेवतं. आयजीई तयार होते आणि मास्ट नावाच्या पेशींच्या अंगावर जाऊन बसते. या पेशी कातडीखाली, नाकात, घशात, आतड्यात, सगळीकडे दबा धरून असतात. पोटात हिस्टामिनच्या पुड्या भरलेल्या. पुन्हा कधी दाणा आला की शेजारी शेजारी बसलेल्या दोन आयजीई त्याला दोन बाजूंनी पकडतात आणि ती पेशी सगळ्या पुड्या एकदम फोडते. मग गांधी, सूज, दम. काही मिनिटांत जीवावर बेतू शकतं.

दाण्याने काहीही केलेलं नसतं. तो आपला आलेला असतो.

सलीलला फोनवर सगळं नीट समजावलं. उदाहरण देऊन. उषाजींचं नाव घेतलं नाही, पण रोख कळावा इतपत बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, आई, साध्या निरुपद्रवी गोष्टीवर एवढं उसळतंय कोण पण? सांग ना.

तो इंजिनिअर आहे. त्याला जीवशास्त्र कळत नाही.

१९ मे

मोठा शोध लागला. तान्ह्या वयात, वरचं खाणं सुरू झाल्यावर, थोडं थोडं दाण्याचं पोटात गेलं तर पुढे अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. तोंडावाटे ओळख झाली की शरीर त्याला घरचं समजतं. मोठा अभ्यास झालाय यावर, परदेशात.

आता मयुराचं पहिलं वर्ष कुठे गेलं? नानीकडे. नानीच्या घरात दाणा येतो का? थंडीत शेरभर, तोही पाहुण्यांसाठी. माझ्याकडे असती तर अंगणात रांगता रांगता तिने आपापच दोन-चार चाटले असते.

लगेच उषाजींना फोन लावला. आवाज शांत ठेवून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अरे वाह समधनजी, आपने तो बड़ी मेहनत की, डॉक्टर से ज़रूर पूछेंगे. त्यांना अपमान म्हणून लागलाच नाही. ही त्यांची सगळ्यात वाईट सवय.

थोड्या वेळाने देविकाचा फोन. मम्मीजी, हमें किसी ने बताया ही नहीं था, तब तो सब यही कहते थे कि छोटे बच्चे को मत दो. आणि म्हणाली, मयुराला लहानपणी एक्झिमा होता ना, फुटलेल्या कातडीतूनही दाण्याची धूळ आत जाते म्हणे, पोटात जायच्या आधीच, आणि शरीर तिथेच बिथरतं. मग म्हणाली, मम्मीजी, मूंगफली की धूल, मतलब, जिस घर में रोज़ कुटती हो…

दूध उतू जात होतं म्हणून फोन ठेवला.

दूध नंतर आणलं.

२५ मे, रविवार

यावर उपाय आहे. डॉक्टर मुलांना दाण्याची पूड अगदी नखभर देतात आणि मात्रा हळूहळू वाढवतात. मग शरीर आणखी एक अँटिबॉडी करायला लागतं, आयजीजी-फोर. ही आरडाओरडा करत नाही. आयजीईच्या आधी दाण्याला गाठते, हाताला धरून गुपचूप बाजूला घेऊन जाते. स्वतःचं नाव होऊ देत नाही. वाचता वाचता मी म्हटलं, ही मी.

तेव्हा योजना अशी की सुरुवात आपणच करायची. मोहरीएवढं कूट. मयुराच्या डब्यातल्या दहीभातात. कुणाला सांगायचं नाही. जुलैपर्यंत ती बरी होईल आणि मग मी सांगेन, सगळ्यांसमोर. पुस्तकात लिहिलंय की हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं, एरवी जीवाला धोका. देखरेख मी करणारच होते.

ती यायच्या वेळी कूट बोटावर घेऊन तयार होते. मयुरा दारातून धावत आली, दोन्ही हात पसरून, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. विचारलं, आजी, हाथ धोए आपने?

धुतले. पुन्हा धुतले. साबण लावून तिसऱ्यांदा धुतले. मग बराच वेळ नळाखालीच धरून ठेवले, पाणी गार असल्यामुळे. (मे महिन्यात झाशीत नळाला गार पाणी येत नाही. असो.)

मग ती कुशीत आली. योजना पुढे ढकलली आहे.

संध्याकाळी: योजना रद्द. काकडीच्या दिवशीचे ते ओठ.

२९ मे

नवा निश्चय, आणि हा पक्का. उषाजींच्या घराला किंमत कशामुळे? तिथे दाणा नाही म्हणून. मग इथेही राहणार नाही. इतका सोपा हिशेब होता.

शेजारच्या रेवतीला बोलावून सगळं देऊन टाकलं. समथरहून आलेलं दाण्याचं पोतं, भाजलेले दाणे, कूट, लसणाची कोरडी चटणी, चिक्की, तेलाचा डबा. रेवती म्हणाली, मावशी, बरं नाहीये का तुम्हाला? पोतं मात्र लगेच उचललं.

आता हे घर उषाजींच्या घराच्या बरोबरीचं. वरचढच म्हणायला हवं, कारण त्यांनी कधी त्याग केलेला नाही.

३१ मे

भरल्या वांग्यांत काय भरायचं?

२ जून

कुटाऐवजी तीळ वापरले. देविका म्हणाली, तिळाची टेस्ट व्हायचीय, अभी मत रखिए. काजू वाटला. तोही नको म्हणाली. डॉक्टर हो म्हणतील तोवर नारियल चलेगा, म्हणाली. आता भाजीत खोबरं, आमटीत खोबरं, कोशिंबिरीत खोबरं. आमच्या घराण्याने कोकण सोडून अडीचशे वर्षं होत आली. एवढं खोबरं तेव्हाही खात नसतील.

६ जून, एकादशी

कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी केली. पातेलं उलटं धरलं तरी खाली पडेना.

रेवतीकडून वाटीभर कूट परत आणलं. फक्त उपासापुरतं. उपासाचं सामान वेगळ्या डिब्ब्यात, वेगळ्या फळीवर असतं. ते स्वयंपाकघरात धरत नाहीत. त्यामुळे घर दाणामुक्तच आहे.

११ जून

उषाजींचा फोन. रविवारी सगळे मिळून माझं घर बघायला येणार. त्यांचे शब्द: बस एक बार देख लें तो तसल्ली हो जाएगी. तसल्ली कुणाची ते बोलल्या नाहीत. मी म्हटलं, ज़रूर आइए, डॉक्टर को भी ले आइए. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

उपासाचं कूट रेवतीकडे परत दिलं. ती म्हणाली, मावशी, एकदा काय ते ठरवा.

फळ्या धुतल्या, मिक्सरचं भांडं बदललं, पाटा-वरवंटा व्हिनेगरने घासला, झाडूसुद्धा नवा आणला.

१५ जून, रविवार

घडलं ते असं.

आल्या. उषाजींनी फळ्या पाहिल्या, मिक्सर पाहिला, पाकिटांच्या मागचं बारीक छापील वाचायला चष्मा लावला. काही सापडलं नाही. म्हणाल्या, समधनजी, कमाल कर दिया. सलीलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. देविकाच्या चेहऱ्यावर मोकळं हसू आलं, ते मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. मी जिंकले होते. तेवढी चार-पाच मिनिटं मी जिंकलेलीच होते.

मग मयुरा बैठकीतून आली. ओंजळ पुढे केलेली, जसा प्रसाद घ्यायला शिकवलाय तशी. ओंजळीत भाजलेले दाणे. विचारलं, आजी, ये आजोबा का प्रसाद है? ये तो खा सकते हैं न?

देविका किंचाळली. उषाजींनी मयुराचे हात धरून दाणे झटकले, बाटलीतलं पाणी ओतून हात धुतले, फ्रॉक बदलला. खाल्ला नव्हता एकही. आधी विचारलं होतं पोरीने. हातांवर थोड्या गांधी आल्या, औषध दिलं, तासाभरात उतरल्या. त्या तासात माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

हे गेल्यापासून रोज दिवेलागणीला फोटोपुढे गुळाचा खडा आणि फोटोमागच्या डबीतले चार दाणे ठेवते. ते स्वतः भाजून घ्यायचे, फोलपटं उडवत, अंगणभर. सगळं घर रिकामं केलं तेव्हा ती डबी आणि ते चार दाणे माझ्या लक्षातच आले नाहीत. ते दाणे नव्हतेच. ते ह्यांचे होते.

१६ जून

मी चुकले असं म्हणता येणार नाही. नैवेद्य म्हणजे सामान नव्हे. कुठल्याही तपासणीत देवघर आणि फोटो धरत नाहीत.

जाताना उषाजी दारात थांबल्या होत्या. हळूच म्हणाल्या, भाई साहब को बहुत पसंद थीं न. हमारे यहाँ आते तो कुर्ते की जेब में भरकर लाते, हमारे साहब और वो बालकनी में बैठकर छीलते रहते.

मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ते संध्याकाळी मंदिरात जातात. इतक्या वर्षांनी माझ्या वाटणीतले चार दाणे उषाजींच्या बाल्कनीत निघाले. आणि नानाजी अजून तिथे बसतात, रोज, खुर्ची टाकून.

दिवसभर कुणाशी बोलले नाही. तसंही कुणी नव्हतं.

१८ जून

फोटोमागची डबी रेवतीला दिली आणि फोटोपुढे आज नुसता गूळ ठेवला. फोटोकडे न बघता ठेवला.

आता घर खरोखर स्वच्छ आहे. देविकाला कळवलं. तिने लिहिलं, थैंक यू मम्मीजी, आपके लिए आसान नहीं रहा होगा. मी लिहिलं, काहीच अवघड गेलं नाही.

२४ जून

ग्वाल्हेरला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सलील, देविका, मयुरा, उषाजी, मी. मी येणारच म्हणून सांगितलं होतं. गाडीत मधल्या जागेवर बसले, पाय दुमडून. खिडकी उषाजींना. त्यांना गाडी लागते म्हणे. मलाही लागते, पण मी सांगत नाही.

मयुराच्या हातावर थेंब टाकून सुई टोचली. दाण्याच्या थेंबाखाली केवढी गांध आली. तिळाला काही नाही, काजूला काही नाही. (म्हणजे तीळ चालले असते. नोंद असावी.) रक्ताचा रिपोर्ट पाहून बाई म्हणाल्या, आयजीई बरीच वर आहे, पण आता थेरपी सुरू करता येईल. आणि आम्हाला सगळ्यांना विचारलं, यात काय होतं, आपको कुछ अंदाज़ा है?

उषाजी छताकडे बघायला लागल्या.

मी सांगितलं. आयजीजी-फोर. ब्लॉकिंग अँटिबॉडी. दाण्याच्या प्रोटीनला आधी जाऊन धरते, म्हणून मास्ट पेशीवरच्या आयजीईला तो मिळत नाही. सुरुवातीला आयजीई वाढूही शकते, घाबरायचं नाही, वर्षभराने खाली येते. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, माताजी, आपने कहाँ पढ़ा? मी म्हटलं, घर में. उषाजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत मला हवं होतं ते होतं. ते मी किती दिवस वाट बघून मिळवलं होतं.

मग बाईंनी नियम सांगितले. पहिली मात्रा इथे दवाखान्यात, दिवसभर नजरेखाली. पुढे घरी, हॉस्पिटलच्या मोजलेल्या पुडीतून, रोज, वर्षानुवर्षं. पुडी दिल्यावर दोन तास धावणं नाही, झोपणं नाही, मूल नजरेसमोर. रिअ‍ॅक्शन आलीच तर द्यायचं इंजेक्शन हाताशी. दवाखाना जवळ, दारापर्यंत गाडी. आणि त्या वेळी घरात दोन मोठी माणसं हवीत. एकाने मुलाला सांभाळायचं, दुसऱ्याने गाडी काढायची.

इंजेक्शन मी देऊ शकते, मी म्हटलं. ह्यांना इन्सुलिन मीच द्यायचे. बाई म्हणाल्या, बहुत अच्छा. आपके घर में और कौन रहता है?

मी म्हटलं, मैं और…

बाईंनी लिहायला घेतलं होतं, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. उषाजींनी पर्समधून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. मी घेतली. तहान लागली होती.

२५ जून

सलील आला होता. एकटाच. सांगायच्या आधीच मी म्हटलं, मला कळलंय. तो म्हणाला, आई, तुझ्यामुळे नाही. गल्लीत गाडी येत नाही, आणि तू एकटी… मी म्हटलं, चहा घे.

चहात साखर घालायची राहिली. तो तसाच प्यायला.

म्हणजे झालं असं. मी घरातून दाण्याचा कण न कण काढला, ह्यांच्यापुढचासुद्धा. आणि आता दाणा जाणार उषाजींकडे. माझी नात दाणे खाणार, रोज, नानीच्या हातून. ज्या बाईला कच्चा दाणा आणि भाजलेला दाणा वासावरून ओळखता येत नाही, तिच्या हातून.

२८ जून

एकटं राहणं ही माझी चूक नाही. हे मी कुणाला म्हणतेय ते ठाऊक नाही.

रेवतीकडून दाणे आणले. भाजले. फोलपटं अंगणात उडवली. चार फोटोपुढे ठेवले, उरलेल्यातले मूठभर मी खाल्ले. घर पुन्हा दाण्याचं. आता इथे कुणाला काय फरक पडतो.

४ जुलै

मयुराची पहिली मात्रा काल ग्वाल्हेरला झाली. नीट पार पडली, पोट थोडं दुखलं एवढंच. मला फोन आला तो उषाजींचा. बातमीसुद्धा त्यांनीच सांगायची.

मग म्हणाल्या, समधनजी, एक मुसीबत है. दोन मोठी माणसं हवीत ना, तर आमचे साहब जेवून दुपारी असे घोरतात की ढोल वाजवला तरी उठत नाहीत. मैंने डॉक्टरनी से पूछा, सोया हुआ आदमी गिना जाएगा क्या? बोलीं, नहीं. आणि गाड़ी तो मैं निकाल लूँगी, पर मुझसे सुई देखी नहीं जाती, चक्कर आ जाता है. आप आ जाया कीजिए न रोज़.

मी म्हटलं, विचार करून सांगते.

अटी: आधी त्यांनी दोनदा विचारायला हवं. पुडी भरवायचा मान माझा. आणि दाण्याबद्दल त्यांनी मला काही शिकवायचं नाही.

४ जुलै, संध्याकाळी

त्यांनी पुन्हा फोन केला नाही, म्हणून मीच करून हो म्हटलं. रेवतीला दाणे परत द्यायला गेले. तिने दार उघडून फक्त हात पुढे केला. फोटोपुढे आता गूळ, कायमचा.

५ जुलै

आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, ऑटोने इलाइटला पोचले. वेळेच्या बरीच आधी, रस्त्यात गर्दी लागते म्हणून. गर्दी नव्हती.

नानाजी घोरत होते. उषाजींनी पुडी उघडली. मी वास घेतला आणि सांगितलं, भाजणी कमी पडली आहे. त्या म्हणाल्या, समधनजी, ये अस्पताल की है. मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी कुस्करलेल्या केळ्यात पुडी मिसळली. मी म्हटलं, दह्यात बरं मिसळलं असतं. त्या म्हणाल्या, कागज़ पर केला लिखा है. मी कागद वाचला. केळं किंवा दही, असं होतं. त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, केला पहले लिखा है.

मग चमचा कुणी धरायचा. मी म्हटलं, मी तिची आजी, आणि दाणा माझ्या घरचा. त्या म्हणाल्या, घर मेरा, कटोरी मेरी. मी म्हटलं, सुई माझी. बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं, एक दिवस मी, एक दिवस त्या, आज चिठ्ठी टाकून. चिठ्ठ्या करायला उषाजी कागद शोधायला गेल्या. मी त्यांच्यामागे गेले, कारण चिठ्ठ्यांवर त्या काय लिहितील याचा भरवसा नाही.

परत आलो तर मयुरा खुर्चीवर चढून बसलेली. हातात वाटी, वाटी रिकामी, ओठांना केळं. म्हणाली, मैंने खुद खा लिया. इतना सा तो था. आणि उद्यापासून मीच खाणार, म्हणाली. आप दोनों लड़ती हो.

उषाजींच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्या तशाच होत्या. त्यांचा चेहरा पडलेला पाहून मला बरं वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. वाटलं नाही.

इंजेक्शनचा डबा मांडीवर घेऊन मी मयुराच्या एका बाजूला बसले, उषाजी दुसऱ्या बाजूला. दोन तास तिच्या ओठांकडे बघत. काही झालं नाही. ती चित्र रंगवत होती. मधेच एकदा तिने नाक खाजवलं, तर आम्ही दोघी एकदम उठलो आणि डोकी आपटली.

टेंगूळ मला मोठं आलंय. उषाजी म्हणतात, त्यांना.